राणी रंगाची दोरी आणि आजोबांच्या मिशा

पैजेला लावायच्याच असतील तर माणसाने स्वतःच्या मिशा लावाव्यात, दुसऱ्याच्या लावू नयेत, हे साधे तत्त्व मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळले.

प्रिय ईशान आणि तन्वी, परवा फोनवर तुम्ही विचारलेत, की तिकडच्या नदीवर दोरीला तरंगते बूच लावून गळ टाकायचा आहे, दुकानात दोऱ्यांची अख्खी भिंत आहे, तर आजी, कोणती दोरी घेऊ? त्यावर तुमचे बाबा मागून "तिला नका विचारू!" असे म्हणाले, ते मला नीट ऐकू आले. (माझे कान अजून शाबूत आहेत.) म्हणून ती हकिकत मीच लिहून पाठवते. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकाल तर त्यात अतिशयोक्ती असेल.

ऐंशीचे दशक संपत आले होते. भाऊबीजेला तुमच्या आजोबांची बहीण आणि तिचे यजमान वसंतराव पुण्याहून आमच्याकडे भिवंडीला आले होते. वसंतराव स्वभावाने चांगले, पण जेवताना बोलत. त्या दिवशी ताटात तळलेली सुरमई होती. तिचा तिसरा तुकडा संपवून ते म्हणाले, "तुम्हा भिवंडीकरांना मासा फक्त ताटात ओळखू येतो. पाण्यातला जिवंत मासा गळाला लावून काढणं ही पुण्याकडची कला!"

तुमचे आजोबा शांतपणे काटे काढत होते. त्यांना अपमान झाल्याचे साधारण दोन दिवसांनी कळत असे. मला मात्र तत्काळ कळे. मी म्हणाले, "त्यात कला कसली? येत्या रविवारी हे नदीवर गळाने मासा काढून दाखवतील. नाही काढला, तर मिशा उतरवतील!"

आजोबांच्या घशात काटा अडकला.

आता त्या मिशांबद्दल सांगायला हवे. आजोबा कोर्टात हेडक्लार्क होते. अंगाने किरकोळ, आवाजाने मऊ. कोर्टात त्यांचा जो काही दरारा होता, तो संपूर्णपणे नाकाखाली होता. दोन्ही टोके वर वळलेली, खोबरेल लावून बसवलेली अशी ती मिशी पाहून भले भले पक्षकार आवाज खाली आणत. दिवाळीची सुट्टी संपून सोमवारी कोर्ट उघडणार होते.

"कोणाच्या मिशा?" आजोबांनी पाणी पिऊन विचारले.

"तुमच्याच. घरात दुसऱ्या कोणाला आहेत?"

"ठरलं!" वसंतराव टाळी देत म्हणाले. "आणि मासा निघाला, तर चार दिवस तुमची भांडी मी घासतो!"

आता तुम्हाला वाटेल, मला गळाची काय माहिती? तर मुळीच नव्हती. पण मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, आणि जगात जे काही करण्यासारखे आहे त्यावर इंग्रजीत एक पुस्तक असतेच, अशी माझी श्रद्धा होती. शाळेच्या वाचनालयाची किल्ली सुट्टीत माझ्याकडेच असे; तिथे ते निघालेही. इंग्लंडातल्या नद्यांवर बूच लावून मासे कसे पकडावेत, यावर एका गोऱ्या गृहस्थाने लिहिलेले, चित्रांसहित. त्यात दोरीच्या निवडीवर स्वतंत्र प्रकरण होते. ते मी दोनदा वाचले आणि नव्या वहीत रकाने आखले: जाडी, रंग, ताकद, शेरा.

बाजारातून बारीक तंगूस आणला. तंगूस म्हणजे नायलॉनची काचेसारखी दोरी. दुकानदार म्हणाला, "नदीला हाच घ्या, बाई. सगळे हाच नेतात." सगळे नेतात, हे काय कारण झाले? मी परीक्षा घेतली. खिडकीच्या गजाला तंगूस बांधला आणि खाली पाट्यावरचा वरवंटा लटकवला. तंगूस तुटला. वरवंटा चकल्यांच्या डब्यात पडला. वहीत मी शेरा लिहिला: 'अविश्वासार्ह'. (चकल्यांचा पुढे चार दिवस चिवडा म्हणून उपयोग झाला.)

आमच्या शेजारी करीमभाई राहत. त्यांचे कापडाचे सोळा लूम होते आणि मन त्याहून मोठे. ते म्हणाले, "भाभीजी, दुकान का धागा छोडो! मेरे पास नायलॉन है, नायलॉन! आदमी टूटेगा, धागा नहीं टूटेगा." त्यांनी कांडीवरून सूत काढले, सहा पदर एकत्र पिळले आणि चांगला पंचवीस वार दोर करून दिला. रंग मात्र राणी होता, कारण त्या महिन्यात त्यांच्या लूमवर ओढण्यांचे काम चालू होते.

मी वरवंटा लटकवला. दोरी हलली नाही. पाण्याची भरलेली बादली जोडली. तरी हलली नाही.

"आता मला लटकव," आजोबा कोपऱ्यातून म्हणाले. "नाही तरी रविवारनंतर मी कशाला उरतोय?"

"पण हा रंग, वहिनी?" वसंतरावांनी हसू दाबत विचारले. "माशाला लांबूनच दिसेल की!"

"आपल्याला दिसायला हवी की नको? आणि मासा काय रंग पाहून चावतो? लग्नाची साडी घ्यायला आलाय का तो?" मी वहीत लिहिले: 'सर्वोत्कृष्ट'.

एक अडचण उरली होती. पुस्तकात म्हटले होते, की काठीच्या टोकापासून बुचापर्यंतची दोरी पाण्यावर तरंगली पाहिजे, बुडाली तर ती बूच ओढते. म्हणून तिला चरबी चोळावी. दिवाळीत चरबी कुठून आणायची? मी साजूक तूप कढवले आणि दोरीला सढळ हाताने चोळले. सहा पदरी सुताने पाव वाटी तूप असे प्यायले, की शंकरपाळ्याही लाजाव्यात! मग ती वाळवायला व्हरांड्यात या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत ताणली. अर्ध्या तासात मुंग्यांची रांग लागली. कावळे आले. जाता जाता करीमभाई थबकले.

"भाभीजी," ते अदबीने म्हणाले, "सूत को तड़का दे रहे हो क्या?"

रविवारी सकाळी गणेशपुरीच्या एसटीने आम्ही तिघे निघालो. नणंदबाईंनी घर सांभाळायचे पत्करले. (त्यांना भावाचे हाल पाहवणार नव्हते, आणि हसू आवरणार नव्हते.) गणेशपुरीच्या बरेच अलीकडे उतरून आम्ही तानसा नदीच्या काठी आलो. माझ्याकडे सामानाची यादी होती: बांबूची काठी, गळ, औषधाच्या बाटलीचे बूच, कणकेच्या एकसारख्या चोवीस गोळ्या, नॅपकिन, आयोडीन.

काठावर जवळच्या दिघाशी गावची एक वयस्क बाई गळ टाकून बसली होती. भिमाबाय तिचे नाव. हातात बोटाएवढी बारीक काठी, तिला केसासारखा बारीक तंगूस, पाण्यावर पिसाच्या देठाचा एक तुकडा. शेजारी गवताच्या काडीत कल्ल्यातून ओवलेल्या चार शिंगट्या (नदीतले छोटे मासे) पडल्या होत्या. तिने आमची दोरी पाहिली. मग आजोबांकडे पाहिले. मग पुन्हा दोरी पाहिली.

"काय गो बाय, ही दोरी हाय का म्हशीचं दावं?"

"मजबूत आहे," मी म्हणाले. "पुस्तकाप्रमाणे तपासलीय."

"मासा पकराचा हाय का विहिरीतली मोटार काराची हाय?" ती म्हणाली. "जेवरा मासा, तेवरी दोरी. बारीक घे, पान्याच्या रंगाची घे. जाड दोरीला धार वढून नेते, बूच थाऱ्यावर ऱ्हात न्हाय."

(ईशान, तन्वी, तुमच्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. मला ते योग्य वेळी मिळाले होते. मी ते घेतले नाही.)

"आमच्या पुस्तकात वेगळं म्हटलंय," मी म्हणाले आणि आजोबांकडे वळले. "मोठा मासा काठी हातातून ओढून नेतो, असंही म्हटलंय." म्हणून काठीचा बुंधा आजोबांच्या कमरेच्या पट्ट्याला दुहेरी गाठीने बांधला. गाठी मला उत्तम येतात.

आजोबांनी गळ टाकला. राणी रंगाची कमान पाण्यावर पडली. काठाला कपडे धूत असलेल्या बायका हात थांबवून बघू लागल्या. धारेने ती जाड दोरी पोटाशी धरली आणि बूच गुमान काठाला आणून ठेवले. पुन्हा टाकला. बूच पुन्हा माघारी आले. तिसऱ्यांदा गळ जरा लांब पडला, आणि पाणी खळबळले.

"आले! मासे आले!" मी ओरडले.

आले होते खरे. बोटाएवढे शेकडो मासे दोरीभोवती जमले होते आणि तिच्यावरचे तूप खात होते! गळाला लावलेल्या कणकेकडे एकही ढुंकून पाहत नव्हता.

"वहिनी," वसंतराव म्हणाले, "वर थोडी साखर भुरभुरू का?"

तेवढ्यात दोरी ताणली गेली. काठी वाकली. आजोबा एक पाऊल पुढे सरकले, मग दुसरे, मग त्यांचे बूट पाण्यात गेले.

"अगं, काहीतरी लागलंय!"

"सोडू नका!"

"सोडू कसा? तू बांधलंयस!"

आजोबा गुडघाभर पाण्यात गेले, मग कमरेएवढ्या. मी आनंदाने टाळ्या वाजवत होते, कारण दोरी तुटत नव्हती! एवढा मोठा मासा तानसेत कधी निघाला नसेल, असे मी वसंतरावांना सांगत असतानाच समोर पाण्यातून एक काळे डोके वर आले. त्याला शिंगे होती.

"अगं बया!" भिमाबाय ओरडली. "ही तं माझी मोरी!"

पाण्यात निवांत बसलेल्या तिच्या म्हशीच्या गळ्यातल्या दाव्यात आमचा गळ जाऊन अडकला होता. म्हशीला इजा काहीच नव्हती. तिला फक्त पलीकडच्या काठावर जायचे होते, आणि ती निघाली होती. मागे राणी रंगाची दोरी, दोरीमागे काठी, काठीमागे हेडक्लार्क.

"दोरी तोडा!" वसंतराव किंचाळले.

"तुटत नाहीये!" आजोबा छातीभर पाण्यातून ओरडले. "आदमी टूटेगा, ती तुटणार नाही!"

वसंतरावांनी पाण्यात उडी घेऊन त्यांना मागून मिठी मारली. आता म्हैस दोघांना नेऊ लागली. मी यादी काढून पाहिली. आयोडीन होते, सुरी नव्हती. धुणाऱ्या बायका हसून हसून धुण्याच्या दगडांवर बसल्या होत्या.

भिमाबाय मात्र उठून उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, "मोरे! ये गो, ये ये!"

म्हैस थांबली. वळली. आणि शहाण्या मुलीसारखी परत आली. वाटेत तिने दोन्ही पुरुषांना दोरीचा एक एक वेढा घातला, एवढेच.

त्यांना सोडवायला अर्धा तास लागला. (गाठी मला उत्तम येतात, हे वर सांगितलेच आहे.) मिशांतून पाणी ठिबकत असलेले तुमचे आजोबा खडकावर बसले होते, वसंतराव पाठमोरे होऊन सदरा पिळत होते, आणि दुपारची एसटी यायला वीस मिनिटे होती. मासा निघाला नव्हता. अशा वेळी सुशिक्षित माणसाने काय करावे?

मी भिमाबायकडे एक शिंगटी मागितली. घाईघाईत शिंगट्यांची अख्खी काडीच उचलली, आमचा गळ तिच्यात अडकवला, दोरी पाण्यात सोडली आणि ओरडले, "लागला! वसंतराव, बघा, लागला!"

वसंतराव वळले. मी जोरात ओढले. पाण्यातून एक नव्हे, चार शिंगट्या बाहेर आल्या, काडीत ओळीने ओवलेल्या.

वसंतरावांनी वाकून त्या एक एक करून मोजल्या. "वहिनी," ते म्हणाले, "तानसेतले मासे हात धरून फिरतात का?"

भिमाबाय पदर तोंडात धरून म्हणाली, "आनि यातली एक तं साफ पन केलेली हाय, दादा!"

वसंतराव मनाचे मोठे. एसटीत त्यांनी पैज माफ करून टाकली. म्हणाले, "दादासाहेब, म्हशीशी लढलात, तेवढं पुरे. मिशा राहू द्या." मीही जोरात मान डोलावली. पण आजोबा खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "शब्द हिनं दिला, हे खरं. पण घरचा शब्द एकच असतो. तो मोडला, तर मग त्या मिशा ठेवून तरी काय करू?" त्यानंतर भिवंडी येईपर्यंत मी खाली मान घालून बसले होते. तुमच्या आजोबांबद्दल मला जे वाटते, त्यातले पुष्कळसे त्या एसटीत वाटायला लागले.

सोमवारी सकाळी ते लवकर उठून न्हाव्याकडे गेले. मी जिन्याकडे कान लावून बसले होते. त्यांचे सांत्वन कसे करायचे, काय बोलायचे, कोणता शब्द टाळायचा, याची मी वहीत मुद्देसूद टिपणे काढली होती. दार वाजले. मी लगबगीने उघडले. दारात एक किरकोळ, गोरेलेसे, अगदी अनोळखी गृहस्थ काकुळतीला आल्यासारखे उभे होते. सकाळीच अर्ज घेऊन घरी येणाऱ्या पक्षकारांचा मला मनस्वी राग असे.

"साहेब घरी नाहीत," मी म्हणाले. "काय असेल ते अकरा वाजता कोर्टात येऊन भेटा!"

आणि दार लावून वर कडीही घातली.