कबड्डीच्या कोट्यातली जागा

बारावीचा निकाल मी शाळेतल्या खेळाच्या सरांच्या मोबाइलवर पाहिला. पास होते, पण मिरवावं असं काही नव्हतं, आणि इंग्रजीत तर जेमतेम तरले होते. दुसरीकडे, आमच्या किरनापुराकडच्या मुलींमध्ये कबड्डीत राज्यापर्यंत खेळलेली मी एकटीच होते. चढाई हे माझं काम.

सर म्हणाले, "जबलपूरच्या एका कॉलेजात खेळाचा कोटा आहे. तिथं ट्रायल घेतात. पण नॅशनल खेळलेल्या पोरीही येतात. तुले घेतीलच असं मी नाही सांगून राह्यलो."

घरी आई म्हणाली, "नाही झालं तर घरूनच प्रायव्हेट बी.ए. करजो." तिला धीरच द्यायचा होता. मी मात्र मनातून हादरले. माझ्या चुलत बहिणीने तेच केलं होतं. ती माझ्याहून चांगली खेळायची. प्रायव्हेटचा फॉर्म भरल्यावर तिला मैदानावर कोणी बोलावलं नाही आणि तीही कधी गेली नाही. आता आमचा सराव चालू असला की ती रस्त्याने जाताना मान वळवूनही बघत नाही.

त्या दिवसापासून चढाईत माझा दम तुटायला लागला. मधली रेषा ओलांडली की 'कबड्डी' हा शब्द अर्ध्यातच अडकायचा. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. सरांना सांगावं तर ते ट्रायललाच पाठवणार नाहीत, असं वाटून मी गप्प राहिले.

ट्रायलला बाबा सोबत आले. राईस मिलमधून त्यांनी सुट्टी घेतली होती. गाडीत त्यांनी विचारलं, "काहून गप्प आहेस?"

"भेव लागून राह्यलं, बाबा."

ते म्हणाले, "मलेही."

त्यांनी समजूत घालावी अशी माझी अपेक्षा होती. ते एवढंच बोलले आणि माझी भीती आणखी वाढली.

कॉलेजच्या हॉलमध्ये मॅट अंथरलेली होती. कितीतरी मुलींच्या ट्रॅकसूटवर पाठीमागे राज्याचं नाव छापलेलं होतं; त्या नॅशनल खेळून आल्या होत्या. माझी चढाई आली. रेषा ओलांडली, दोन पावलं आत गेले आणि आवाजच बंद झाला. शिट्टी वाजली. दुसऱ्या चढाईतही तसंच. शिट्टी वाजवणाऱ्या मॅडमनी मला बाहेर बसायची खूण केली. हॉलच्या दाराशी बाबा उभे होते. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

थोड्या वेळाने कोपऱ्यात खेळणाऱ्या एका मुलीच्या पायात गोळा आला. मॅडमनी विचारलं, "कॉर्नर कौन खेलेगा?" मी सरावात गंमत म्हणून कोपरा खेळले होते, सामन्यात कधीच नाही. पण बाहेर बसून राहण्याची भीती मॅटवरच्या भीतीहून मोठी होती. मी उठले.

पकड करणाऱ्याला दम धरावा लागत नाही. मी तोंड मिटून उभी राहिले. सगळ्यांत उंच मुलगी चढाईला आली आणि तिने पाय पुढे टाकताच मी घोटा धरला. ती मला फरफटत रेषेकडे घेऊन गेली, पण मी सोडलं नाही. मग बाकीच्या मुली तिच्यावर पडल्या. त्यानंतर आणखी एक पकड झाली.

ट्रायलनंतरच्या मुलाखतीत एका सरांनी मार्कशीट बघून विचारलं, "नंबर इतने कम क्यों हैं?"

सरावामुळे वेळ मिळाला नाही, हे उत्तर मी पाठ करून गेले होते. तोंडून निघालं ते वेगळंच. "इंग्लिश समझ में नहीं आती, सर. पढ़ती हूँ, फिर भी."

मॅडमनी विचारलं, "रेडर होकर कॉर्नर क्यों खेली?"

"डर लग रहा था. पकड़ने में बोलना नहीं पड़ता."

दोघंही हसली. तिथेच सगळं संपलं असं मला वाटलं. 'कळवू' म्हणाले आणि आम्ही परत आलो.

फोन काही आला नाही. आईने प्रायव्हेटच्या फॉर्मची चौकशी सुरू केली. मोबाइल वाजला की मला धडकी भरायची, नाही वाजला तरी भरायची. धानाचा रोवणा चालू असताना एका दुपारी बाबा मोबाइल कानाला लावूनच शेताच्या धुऱ्यावरून आले. "हौ मॅडम, हौ," म्हणत होते. निवडलेली एक मुलगी दुसऱ्या कॉलेजात गेली होती आणि तिची जागा रिकामी झाली होती. बाबांनी त्यांना पुन्हा विचारलं, "पक्का ना, मॅडम?" मी चिखलात उभी राहून त्यांचा चेहरा बघत होते.

प्रवेशाच्या दिवशी मॅडमनी स्पष्ट सांगितलं की पहिल्या वर्षी नापास झाले तर जागा जाईल. त्यामुळे भीती अजून गेलेली नाही. इंग्रजीचा पेपर पुढच्या आठवड्यात आहे. होस्टेलच्या खोलीतली मुलगी रोज माझ्याकडून एक परिच्छेद वाचून घेते आणि अर्थ विचारते. काल मी पहिल्यांदाच न अडखळता सांगितला. तिने पान उलटलं आणि पुढचा परिच्छेद दाखवला.