बॅरलचा तळ

आमच्या बाथरूमच्या फरशीवर पान मांडून जेवावं, असं मी चारचौघींत सांगायची. मिस्टरांची केमोथेरपी सुरू झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, अंगातली ताकद जाईल, साधा जंतूही जिवावर बेतेल, घरात स्वच्छता पाळा. मनात म्हटलं, स्वच्छता मला शिकवता होय!

रोज सकाळी फिनेल, एक दिवसाआड ब्लिचिंग पावडर, फरशांच्या फटी जुन्या ब्रशनं. तोटी, कडी, दिव्याचं बटण सगळं पुसायची. मुलीनं ओला टॉवेल दारावर टाकला की तिची धडगत नसायची. प्यायचं पाणी उकळून, गार करून.

कोपऱ्यात निळं बॅरल होतं. आमच्या सोलापुरात नळ चार-पाच दिवसांनी येतो, बॅरल नसलेलं घर मला तरी माहीत नाही. पाणी आलं की त्यात पाइप सोडायचा. तळाशी हातभर पाणी उरलेलं असायचंच, त्यावरच नवं भरायचं. बाहेरून ते मी घासून लख्ख ठेवायची, झाकणसुद्धा.

केमोच्या आधी मिस्टर एकदा म्हणाले होते, ते पालथं घालून आतून घास की. मी फाडकन बोलले, "भरलेलं पाणी ओतून देऊ? नळ नाही आला तर पार मोहोळ गावाहून आणणार आहात का?" माझ्यापुढं गप्प बसण्यातच शहाणपण आहे, हे त्यांना लग्नानंतर महिन्याभरात कळलं होतं.

दुसऱ्या केमोनंतर आठवड्यानं त्यांना ताप भरला. तोंड आलं होतं, डोळे उघडवत नव्हते. दवाखान्यात दाखल केल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, चूळ कुठल्या पाण्यानं भरतात? बाथरूममधल्या, मी म्हटलं. ते किती दिवसांचं असतं? मला रागच आला. चार दिवसांचं, म्हटलं. ताप नेमका कशानं आला ते सांगता येत नाही, पण चुळीलाही उकळलेलंच पाणी द्या आणि साठवणीचं भांडं धुऊन घ्या, एवढं सांगून त्या पुढच्या खाटेकडं गेल्या.

कपडे न्यायला घरी आले तशी बाही वर करून बॅरलमध्ये खांद्यापर्यंत हात घातला. तळ हाताला लागला आणि अंगावर काटा आला. दुधावर साय धरावी तसा बुळबुळीत थर, बोटांत आला तो काळा. चार दिवसांचं कसलं! खालचं पाणी किती वर्षं तिथंच होतं देव जाणे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्या चकचकीत फरशीवर बसून मी रडले. माणूस गेला तर माझ्या हातानं गेला, एवढं एकच डोक्यात होतं.

मग बॅरल आडवं केलं, सगळं पाणी सोडून दिलं, आतून घासलं आणि अंगणात उन्हात पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी नळाची पाळी होती. नळ आला नाही. पाइपलाइन फुटली म्हणे. शेजारणीनं दोन घागरी दिल्या आणि वर विचारलं, भरलेलं पाणी कुणी ओततं का? मी घागरी उचलून आत नेल्या. तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं.

पाचव्या दिवशी ताप उतरून मिस्टर घरी आले, तरी नळाचा पत्ता नव्हता. भिंतीला धरून ते अंगणात उभे राहिले आणि पालथ्या बॅरलकडं बघत राहिले.

"तुम्ही सांगितलं होतं," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही."

"मग आता मोहोळला कोण जायचं?" ते म्हणाले.

मला हसूही येईना. उकळून ठेवलेल्या पाण्याचा तांब्या मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी चूळ भरली, आणि ती टाकेपर्यंत मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.