मायचा पट्टा आणि मावशीची नदी

दिवाळी आटोपली की आमच्या गावात तलाव सोडत. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बांधाच्या, पोटात दगडी मोरी आहे, तिच्या तोंडाशी लाकडी दट्ट्या. चार गडी तो ओढून काढत आणि आठ-दहा दिवस पाणी नदीत धावत राही. तलाव ओसरला की काठचा गाळ उघडा पडे. ज्यांना स्वतःचं वावर नव्हतं अशा आमच्या वस्तीतल्या दहा-बारा घरांना त्या गाळात एकेक पट्टा मिळे. जमीन सरकारी, परवानगी वर्षापुरती. याला गाळपेर म्हणतात. तिथे नांगर चालत नाही. बाया ओळीने वाकून बोटाने भोक पाडत, हरभऱ्याचे दाणे टाकत आणि तळव्याने गाळ दाबून पुढे सरकत. पुन्हा पाणी द्यायची गरज नाही, गाळाच्या ओलीवरच पीक येई.

मायचा पट्टा मोरीच्या डाव्या हाताला होता. वडील लवकर गेले. माझं शिक्षण त्या पट्ट्यानेच केलं, असं मी मानतो. अमरावतीला राजापेठेत आम्ही चौघे एका खोलीत राहून शिकलो. दर महिन्याला एसटीच्या कंडक्टरजवळ मायची पिशवी यायची, तिच्यात फुटाणे आणि डाळ. खोलीतले बाकीचे तिघेही त्या डाळीवरच पदवीधर झाले. घरात पदवी घेणारा मी पहिला. पुढे अकोल्याच्या एका कार्यालयात तलाव-बंधारे मोजण्याचं काम मिळालं. जुन्या शहरात खोली घेतली तेव्हा माय पाहायला आली. म्हणाली, मोजायचा पगार मिळतो, हे मले खरं वाटत नाही.

मावशी, म्हणजे मायची धाकटी बहीण, त्याच नदीवर सहा कोस खाली दिलेली. दट्ट्या काढला की तिसऱ्या दिवशी तिचा फोन यायचा, तुमचं पानी आलं वो बाई. तिच्या गावात त्या पाण्याला नारळ फोडत. मायला याचा फार अभिमान होता. आपल्याकडून बहिणीला दिवाळीची भेट जाते, असं ती सगळ्यांना सांगायची. आणि पौषात मावशीच्या गावची नदी कोरडी पडली, बाया वाळूत झिरे उकरून वाटी-वाटीने पाणी भरू लागल्या, की दोघी बहिणी आभाळाला दोष द्यायच्या.

मीही तेच मानत वाढलो. मोजायला शिकलो तेव्हा कळलं की पावसाळ्यानंतर नदीत थोडंफार पाणी असतंच, आणि नेमकं तेव्हाच आम्ही तलाव रिकामा करतो. ते पाणी मावशीच्या दारावरून वाहून पूर्णेत जातं. तिला खरी गरज पडते, तोवर आमच्याजवळ सोडायला काही उरत नाही.

खालच्या गावांनी ठराव केले आणि काम आमच्या कार्यालयात आलं. सांडव्याची भिंत दोन फूट उंच करायची, तलाव जास्त भरू द्यायचा, मोरी दिवाळीत न उघडता संक्रांतीनंतर उघडायची आणि तीही जराशी, म्हणजे बारीक धार उन्हाळाभर नदीत चालेल. मी साहेबांना सांगितलं, त्या बुडितात माझ्या आईचा पट्टा आहे, दुसऱ्या कोणाला पाठवा. ते म्हणाले, तुला जागेची माहिती आहे, तूच जा, आणि मोजताना आपलं-परकं करू नको.

पाणी कुठवर चढेल तिथे चुन्याची फक्की मारत मी तलावाकाठून चाललो होतो. मायचा हरभरा घाट्यावर आला होता. आमच्या शेजारचे मोठेबाबा आपल्या पट्ट्यात उभे राहून पाहत होते. ते मायला ऐकू जाईल असं बोलले.

"याले शिकोला तूनं, अन हा आपल्यालेच मोजून राहिला."

माय माझ्याजवळ आली. फक्की तिच्या पट्ट्याच्याही वर, बांधापलीकडे गेली होती.

"इथपर्यंत पानी येईन?"

"हो माय."

"कवापर्यंत राहीन?"

"होळीपर्यंत तरी."

"मंग चना कवा पेरू? होळीच्या राखेत?"

तिने मूठभर घाटे तोडून माझ्या खिशात कोंबले आणि पुन्हा कामाला लागली.

आठवड्याने वस्तीतल्या बुद्धविहाराच्या ओट्यावर बैठक झाली. मी कागद, नकाशा, आकडे घेऊन बसलो. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. ज्यांचं शेत बुडणार त्यांना मी घनमीटर समजावत होतो. मोठेबाबा म्हणाले, खालच्यांना पाणी पाहिजे तर त्यांनी आपल्या गावात तलाव खोदावा. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. परवानगीची जमीन, म्हणून कोणाला भरपाईही नव्हती. मी एवढंच सांगू शकलो की पाणी हळूहळू उतरेल तशी जमीन फाल्गुनात उघडी पडेल, तिथे काकडी, डांगर असे उन्हाळी वेल लावता येतील. यावर एक काकू म्हणाली, आम्ही काय डांगर खाऊनच जगावं का, आणि सगळे हसले.

मग मायने मला एकच गोष्ट विचारली.

"एकदम न सोडता असं धारेनं सोडलं, तर माह्या बहिणीले कवापर्यंत पुरीन?"

"बुद्धपौर्णिमेपर्यंत पुरायला पाहिजे."

"म्हणजे इतके साल आपुन तिले भेट नोयतो देत. तिचं पानी वाया घालून राहिलो होतो."

मायने पदर सारखा केला.

"एक साल माह्या पट्टा बुडू द्या. पौर्णिमेपर्यंत पानी नाही पुरलं, तर पुढल्या दिवाळीत मी सोता दट्ट्या काढीन. मंग आडवा हा माह्या पोरगा असो का कोनी असो."

तिच्यामागे एकेक करत बाकीच्या घरांनी मान हलवली. मोठेबाबांनी हलवली नाही, पण उठूनही गेले नाहीत.

उन्हाळ्यात भिंत उंचावली. भादव्यात पाणी फक्कीच्या जागी येऊन टेकलं आणि दिवाळी आटोपली तरी मायचा पट्टा वर आला नाही. त्या हिवाळ्यात तिने आयुष्यात पहिल्यांदा हरभऱ्याची भाजी बाजारातून आणली आणि निवडताना भाजीवाल्याला मनसोक्त नावं ठेवली. संक्रांतीनंतर दट्ट्या चार बोटं वर उचलला. सुरुवातीचे पंधरा दिवस नदीच्या वाळूनेच पाणी पिऊन टाकलं. मावशीचा फोन येईना. मी अकोल्याहून रोज तिला विचारायचो. सोळाव्या दिवशी तिने सांगितलं, घाटाच्या दगडाला पाणी लागलं.

फाल्गुनात पट्ट्याचं वरचं टोक उघडं पडलं. मायने तिथे काकडी आणि डांगराचं बी टोचलं. पाणी मागे सरकेल तशी ती एकेक ओळ वाढवत गेली. अर्धं पीक रानडुकरांनी नेलं, अर्धं घरी आलं. हरभऱ्याची बरोबरी काही झाली नाही.

वैशाखात माय मावशीकडे जाऊन राहिली. मी पौर्णिमेच्या दिवशी गेलो तेव्हा दोघी घाटावर बसल्या होत्या. धार थांबली होती. डोहात कमरेएवढं पाणी होतं, बाया त्यातून गुंड-हंडे भरत होत्या, वाळूत एकही झिरा उकरलेला नव्हता. पण नदी वाहत नव्हती.

"चार दिवस कमी पडले," माय म्हणाली.

मी मान खाली घातली. माझ्याच तोंडून गेलेला शब्द होता. मावशीने काही बोलायला तोंड उघडलं, तर मायने तिला हाताने थांबवलं.

"डोह पाह्यला म्या. पुढल्या साली दट्ट्या चार बोटं नको, तीनच उचलजो. अन मोठेबाबाले डांगराचं बी आतापासूनच ठेवाले सांग. मी सांगतलं म्हनून सांगजो."