वजनकाट्यांचा प्रोग्राम बंद करताना

बाबांचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कामावर गेले. आईनं जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. डबा भरून दिला.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. भिलाईच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका खासगी कारखान्यात मी प्रोग्रामर होते. ट्रक तोलायच्या काट्यांवरची वजनं आमच्या युनिक्स मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरवर, गोळा व्हायची. मूळ प्रोग्राम प्रत्येक काट्यासाठी एकेक वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा छोटा प्रोग्राम, सुरू करायचा. मूळ प्रोग्रामला आम्ही पॅरेंट म्हणायचो, बाकीच्यांना चाइल्ड. चाइल्ड वजनं आपापल्या पाइपमधून पॅरेंटकडे पाठवायची, पॅरेंट ती फाइलमध्ये लिहायचा. पाइप म्हणजे दोन प्रोग्रामांमधली माहितीची वाट, तिच्यात एका वेळी ठरावीकच मावायचं.

संध्याकाळी हा प्रोग्राम बंद करायला गेलं की अडकायचा. रविवारी, काम कमी असलं की निमूट बंद व्हायचा. गर्दीच्या दिवशी नाही. शेवटी कोणीतरी मशीनच बंद करायचं. शेवटची वजनं जायची, भरलेले ट्रक पुन्हा तोलावे लागायचे आणि ड्रायव्हर फाटकावर भांडायचे.

आमचे सेक्शन हेड मूळचे भंडाऱ्याचे. ऑफिसात सगळ्यांशी हिंदी, माझ्याशी तेवढी मराठी. ते खुर्ची ओढून शेजारी बसले. पॅरेंटलाच मारून टाकलं, म्हणजे जबरदस्तीनं थांबवलं, तर काय होईल, असा त्यांचा विचार चालला होता.

"पॅरेंट मेला तर चाइल्ड..." एवढं म्हणून ते थांबले आणि टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहू लागले.

"अनाथ होते, सर," मी म्हटलं. "मॅन्युअलमध्ये तसंच लिहिलंय. पण वजनं तरीही जातील."

त्यांचे कान लाल झाले. मला काहीच वाटलं नाही. आपला आवाज ठीक आहे, एवढं मात्र जाणवलं.

त्या आठवड्यात सगळंच तसं होतं. जेवत होते, झोपत होते. लोक भेटायला येत, त्यांना चहा देत होते. एकदा घरी निघाले आणि लुना सिविक सेंटरच्या बाजारात नेऊन उभी केली. कशाला आले, ते आठवेना. चपलांच्या दुकानासमोर जरा उभी राहिले आणि परत फिरले.

कोण कुठे अडकतंय ते कळावं म्हणून मी पॅरेंट आणि चाइल्ड दोन्हींना जागोजागी पडद्यावर ओळी छापायला लावल्या. बंद व्हायचा हुकूम मिळाला की चाइल्ड जवळ साठलेली सगळी वजनं एकदम पाइपात ओतायची. पाइप भरायचा. पॅरेंट वाचून तो रिकामा करेल म्हणून चाइल्ड थांबायची. पॅरेंटनं तर वाचणं केव्हाच सोडलेलं. तो उलट चाइल्ड संपण्याचीच वाट पाहत असायचा. थोडी वजनं असली की पाइप भरायचाच नाही, म्हणून रविवार सुटायचा.

"म्हणजे दोघंही थांबूनच राहिले," सर म्हणाले.

मी क्रम बदलला. आधी चाइल्डना नवी वजनं घेणं थांबवायला सांगायचं, मग पॅरेंटनं पाइप संपेपर्यंत वाचत राहायचं, आणि त्यानंतरच त्यांच्या संपण्याची वाट पाहायची. तरी अडकला. वजनं सगळी आली, पण पाइप संपल्याची, म्हणजे आता आणखी काही येणार नाही याची, खूण येईना. ते दुसऱ्या दिवशी सापडलं. प्रत्येक पाइपचं लिहायचं टोक चाइल्डकडे असायचं, ते पॅरेंटनं स्वतःकडेही उघडंच ठेवलं होतं. कोणाकडेही ते उघडं असेपर्यंत पाइप संपला असं धरत नाहीत. प्रत्येक चाइल्ड सुरू केल्यावर पॅरेंटनं ते टोक सोडून द्यायचं, एवढी एकच ओळ घालायची राहिली होती.

मुद्दाम गर्दीचा दिवस धरला. सर मागे उभे होते. पडद्यावर एकेक चाइल्ड संपल्याची ओळ आली, मग पॅरेंट संपला. त्यांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा तसंच झालं. शेवटच्या ट्रकचं वजन फाइलमध्ये होतं.

"घरी जा बेटा," ते म्हणाले. "आईजवळ बस."

आई भेंडी चिरत होती. आज लवकर कशी, म्हणून तिनं विचारलं. मी सांगितलं, प्रोग्राम बंद झाला.

"बिगडला का?"

"नाही. नीट बंद झाला."

"मंग बरं झालं," ती म्हणाली आणि दुसरी विळी माझ्याकडे सरकवली. मी खाली बसले.