फ्रीजची किल्ली माझ्या कमरेला

त्या वर्षी दसऱ्याला आमच्या नाचणगावच्या घरी फ्रीजचीसुद्धा पूजा झाली. चौऱ्यांशी-पंच्याऐंशी साल असेल... गल्लीतला पहिलाच फ्रीज, यांनी वर्ध्याहून आणलेला. काय मिरवले होते मी!

विळा, कुदळ, सायकल, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदीकुंकू लावलं, मग फ्रीज कसा सोडायचा? हॅंडलला माळ बांधली तर दार उघडताना झेंडू चेंगरतो. म्हणून आत, बर्फाच्या खणाजवळ एक बारीक नळी होती, तिलाच अडकवली.

माझी धाकटी जाऊ कुसुम म्हणाली, "बाई, तिथं काऊन लटकवता?"

"तुले काय समजते त्यातलं!" मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी माळ ओढून काढली.

आणि मग दुधाचा दगड व्हायला लागला. काकडी काचेसारखी, कोथिंबीर हातात घेतली की चुरा... थंडी कमी-जास्त करायचं बटण एकवर आणलं तरी तेच.

मला वाटलं, कुसुमच बटण फिरवते, तिला गार पाण्याची चटक लागली. वाटलं ते वाटलं, शेजारच्या बायका थंड पाणी न्यायला आल्या की त्यांनाही सांगायचे.

तेव्हाच्या फ्रीजला कुलूप असायचं, आताच्या पोरींना खरं वाटणार नाही. मी ते लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. कुसुमची पोरगी सव्वा वर्षाची. तिच्या दुधासाठी कुसुम दर वेळी माझ्यासमोर येऊन उभी राहायची, आणि मी हातातलं काम संपवूनच उठायचे... हे लिहिताना बोट थांबतं माझं.

कुलूप लावूनही दूध गोठतच होतं. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही!

शेवटी पुलगावहून मेकॅनिक आला. ती बारीक नळी क्लिपमधून निसटून लोंबत होती. तो म्हणाला, ही नळी बर्फाच्या खणाला टेकली तरच मशीनला थंडी समजते. नाही तर त्याला वाटते अजून गरमच आहे, म्हणून चालूनच राह्यलं बिचारं. क्लिपमध्ये झेंडूची पाकळी अडकलेली होती.

"हे कोनं ओढलं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "उंदरानं ओढलं असंल, भाऊ."

कुसुम चहा घेऊन उभी होती. तिनं कप त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "हो ना भाऊ. भल्ले मोठाले उंदीर आहेत आमच्या घरी."

मेकॅनिक हसला, हेही हसले. मी खाली फरशीकडे पाहत राहिले.

संध्याकाळी किल्ली तिच्यापुढं धरली. चुकलं म्हणायचं होतं, पण तोंडातून आलं, "ठेव तुह्याजवळ." तिनं घेतली नाही. "राहू द्या बाई, मले सवय झाली आता."

त्यानंतर मी कुलूप कधी लावलं नाही. पण कितीतरी महिने कुसुमनं आपल्या हातानं फ्रीज उघडला नाही. पोरीचं दूध पाण्याच्या परातीत ठेवायची... माझ्या डोळ्यांसमोर.

आता कुसुम अल्लीपूरला मुलाकडे असते. मी मोबाईलवर फोटो टाकला की सगळ्यात आधी तिचे जोडलेले हात येतात, आणि मी लहान पोरीसारखी खूश होते.

आज हात मी जोडते, कुसुम. चुकले गं मी. तुह्यासमोर उभं राहून म्हणायची हिंमत मले अजूनही नाई.