चरबी कामाला लागली

नाशिकच्या एका मधुमेहाच्या दवाखान्यात मी माझा पहिला रिपोर्ट घेऊन तोंड पाडून बसलो होतो. तेवढ्यात साठीच्या एक बाई डॉक्टरांच्या खोलीतून हसतच बाहेर आल्या आणि माझ्या शेजारी धपकन बसल्या. बोलण्यावरून दिंडोरीकडच्या वाटल्या.

"नवी गोळी सुरू झाली अन् माझं वजन तीन किलो वाढलं," त्या आपणहून सांगू लागल्या. "लय घाबरले. म्हटलं, आज गोळी बंदच करायला सांगायची. तर डॉक्टर म्हणले, मावशी, साखर बघा किती उतरली! लिव्हरातली चरबी कमी झाली, कातडीखाली वाढली. अन् तिथं ती नुसती बसत नाय, चांगलं हार्मोन सोडती. त्यानं इन्सुलिनचं काम सोपं होतं."

सांगताना त्यांचे दोन्ही हात पोटावरून कमरेकडे सरकत होते, चरबीला वाट दाखवावी तसे. मग मांडीवर थाप मारून म्हणाल्या, "दादा, चाळीस वर्षं हिला फुकट घेऊन हिंडले. आता कुठं कामाला लागली बघा!"

समोरचे आजोबा खोकला येईपर्यंत हसले. नंबर पुकारणारी मुलगी माझा नंबर दोनदा चुकली. बाईंनी उठून पदर खोचला, नव्या रुंदीची सगळ्यांसमोर एक गिरकी घेतली आणि बस गाठायला निघून गेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी आत गेलो तेव्हाही हसू आवरत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, "काय काय त्रास होतोय?"

महिनाभर घोकलेल्या तक्रारींपैकी मला एकही आठवेना.