चिकामागून ऐकलेली नाटकं

“वैनी, उठा तिथून! बायाइची जागा चिकाच्या मांगं हाय!”

“मी उठते. आत्याबाईले तुमी उठवा.”

“मी कसा उठवू? मोठ्या हायेत त्या.”

“मंग बसू द्या न मोठ्या माणसाले!”

दिवेलागणीची वेळ. गणपतीच्या मांडवात नाटकाचा पडदा अजून उघडायचा होता आणि पहिल्या सतरंजीवर आम्ही दोघी सासू-सून ठाण मांडून बसलो होतो. समोर उभा दादाराव, डोणगावच्या तरुण नाटकमंडळीचा सेक्रेटरी. हातात शिट्टी, गळ्यात उपरणं आणि चेहरा असा, की आम्ही सतरंजीवर नाही, त्याच्या छातीवर बसलोय!

बायांनी नाटक पाहायचं ते मांडवाच्या बाजूला टांगलेल्या चिकाच्या पडद्याआडून, अशी मंडळीची रीत. आणि आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, एका डोळ्यात मोतीबिंदू पुरता उतरला होता, दुसऱ्यात उतरत होता. त्यांचा धाकटा पोरगा गोपाल त्या नाटकात रुक्मिणी होणार होता. त्याला स्टेजवर एकदा डोळ्यांनी पाहायचं, एवढंच त्यांचं मागणं. पुढच्या गणपतीला ते डोळे राहतील याची खात्री कोणी देत नव्हतं.

आता माझ्या नाती म्हणतात, “आजी, एवढ्याशा गोष्टीसाठी भर मांडवात भांडलीस?” एवढ्याशा! नाटकमंडळीचे किस्से पावसाळ्यात ओसरीवर साचलेल्या जोड्यांसारखे असतात. मुद्दाम कोणी आणत नाही, आपोआप ढीग होतो. वास सगळ्यांनाच येतो, बोलत मात्र कोणी नाही. मी बोलते. आधी तो ढीग पाहा, मग मला एवढंसं-तेवढंसं सांगा.

* * *

तेव्हा आपल्या वऱ्हाडाचा कारभार मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चालायचा, आणि डोणगावच्या बायांचा कारभार दादारावाच्या शिट्टीवर!

नाटक रुक्मिणीहरणाचं. शाळेतल्या मास्तरांनी पदांसकट लिहिलेलं. मंडळीजवळ पेटी होती, तबला होता, लाकडी तलवारी होत्या. पण बाईच्या अंगावरचं एक चिंधूक नव्हतं. मग काय, दादाराव आणि मंडळी दारोदार! ज्या दादारावाची बायको उंबऱ्यात उभी राहिली तर घर डोक्यावर घ्यायचा, तोच माझ्या ओसरीवर माझा लग्नातला शालू उजेडात धरून उलटापालटा करत होता.

“पदर भारी हाय वैनी. लांबून चमकन!”

“चमकू द्या,” मी म्हटलं. “मी नेसली तं सासरे म्हनतात, झाकून घे.”

पोलक्याचा प्रश्न त्याहून भयंकर. गोपाल अंगानं भरलेला. त्याला कोणाच्या बायकोचं पोलकं बसेल, यावर चार बाप्ये भर दुपारी पारावर बसून चर्चा करतात! कोणी म्हणे याच्या घरचं, कोणी म्हणे त्याच्या घरचं. बायांना विचारायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. शेवटी एकमतानं नाव निघालं ते खुद्द दादारावाच्या बायकोचं!

दादाराव लालबुंद. “माह्या बायकोचं माप तुमाले कसं माहीत बे?”

पेटीवाला सुपारी कातरत शांतपणे म्हणाला, “दरसाली तुमीच सभेत दुसऱ्याइच्या बायकाइचे मापं सांगता. यंदा आमी सांगतलं!”

* * *

तालीम आमच्याच ओसरीवर, कारण चहा आमच्या चुलीवरचा.

मास्तर गोपालला बाई कशी चालते ते शिकवायचे. स्वतः धोतराचा सोगा हातात धरून ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लचकत जायचे. मान वाकडी, कंबर त्याहून वाकडी, आणि दर दोन पावलांनी मागं वळून लाजायचं. कोणाला लाजायचं? मागं तर गोठा!

मी चहा घेऊन गेले तेव्हा राहवलं नाही. “मास्तर, अशी कोन चालते?”

मास्तर अकोल्याकडून शिकून आलेले. म्हणाले, “वहिनी, स्त्रीची चाल ही एक कला आहे. तुमच्या लक्षात येणार नाही.”

वीस वर्षं बाई म्हणून चालत आलेय, आणि माझ्या लक्षात येणार नाही! मी तोंड उघडणार, तोच आतून जवारी पाखडता पाखडता आत्याबाईंचा आवाज आला, “मास्तर, अशी चालली तं घागर इहिरीवरच राहीन, अन् घरी निस्ती कंबर येईन!”

त्या दिवशी गोपाल हसून हसून पदंच विसरला.

* * *

मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. लहानपणीच लग्न होऊन लोणारहून इथं आले तेव्हा गोपाल पहिलीत होता. तो पाटीवर बाराखडी घोकायचा आणि मी भाकरी थापता थापता परातीतल्या पिठात बोटानं तीच अक्षरं काढायची. तो दुसरीत गेला तेव्हा मीही गेले, फक्त शाळेला पत्ता नव्हता. त्यामुळे मास्तरांचं नाटक मी वाचलं. अख्खं वाचलं. आणि असा संताप आला म्हणून सांगू!

रुक्मिणी पहिल्या अंकापासून रडते. पद आलं की ती अबला, पद संपलं की अश्रू.

मी विचारलं, “मास्तर, रुक्मिनी आपल्या वऱ्हाडाचीच लेक न?”

“हो. विदर्भराजकन्या.”

“लगन कोनाशी करीन ते तिनं स्वताच ठरवलं. निरोप बी स्वताच धाडला. रथ आला तशी चढली. मंग ही बाई रडते काऊन?”

मास्तरांनी चष्मा पुसला. “वहिनी, नाटकाला करुणरस लागतो. स्त्री रडल्याशिवाय लोकांना ती नायिका वाटत नाही.”

“कोन्या लोकाइले?”

मास्तरांनी पान उलटलं आणि पुढची तालीम सुरू! मी चुलीपाशी येऊन भाकरी अशी थापली की तवा हादरला.

चार दिवसांनी गोपालनंच तोंड उघडलं. “मास्तर, रडनं कमी करा न जरासं. रोज पोलकं भिजते. दादाराव म्हनते, बायको घरी त्याले बोलून राह्यली.”

मास्तरांनी लगेच पेन्सिल काढली आणि दोन पदं आडवी कापली. बाईनं सांगितलं तेव्हा करुणरस होता. बाईच्या पोलक्यानं सांगितलं तेव्हा तो जास्त झाला!

* * *

तबल्यावर उस्मानचाचा. गावचे शिंपी. मंडळीचा पुढचा पडदाही त्यांनीच शिवलेला. बोलणं कमी, हात बोलका.

कृष्णाला शेला हवा होता. कुठं मिळेना. चाचांनी घरून जरीची हिरवी ओढणी आणली, खालाच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, निकाहातली. खालानं जिवापाड जपलेली. घडी उघडली तशी ओसरी उजळली. मी म्हटलं, झालं काम!

दादाराव खाकरला. “चाचा, वाईट मानू नका. पन देवाच्या खांद्यावर... म्हंजे, लोक काय म्हनतीन?”

मला वाटलं चाचा चिडतील. चिडायलाच हवं होतं, मी तर चिडलेच होते. पण चाचांनी ओढणीची घडी केली. तबल्याला खोळ घातली. डग्ग्याला खोळ घातली. दोन्ही काखेत मारून उठले.

“कुठं चालले चाचा? तालीम बाकी हाय न!”

“घर जा रहा हूँ, बाबा. ओढनी जिस घर की है, ये हाथ भी उसी घर के हैं.”

अंगणापर्यंत पोचले नसतील, तोच दादाराव धावत गेला. परत येताना ओढणी चाचांच्या खांद्यावर होती आणि डग्गा सेक्रेटरीच्या डोक्यावर!

* * *

आता त्या चिकाचं सांगते.

चिक म्हणजे बांबूच्या कामट्यांचा पडदा. मंडळीचा तर इतका दाट की आत उदबत्ती लावली तर धूर बाहेर जायला वाट शोधेल. शिवाय टांगायचा बाजूला. त्यामुळे बायांना दिसायचं काय, तर फटींतून नटांच्या पाठी आणि खालून पाय. पायांवरून आम्ही माणूस ओळखायचो. भेगा पडलेले पाय म्हणजे नारद, सुजलेले म्हणजे राजा.

चिकाआड एखादं लेकरू रडलं की दादाराव गरजायचा, “बाया, चूप!” आणि बाहेर बाप्ये वन्समोर म्हणून बोंबलायचे, बिड्या फुंकायचे, काही तर घोरायचे. त्यांना चूप कोण म्हणणार? घोरण्यालाही वन्समोर मिळायचा!

एका वर्षी राजाचा पार्ट करणारा असा काही ओरडला, असा काही विव्हळला, की चिकाआड सगळ्या बायांचे पदर डोळ्यांना. माझ्या शेजारची तर हुंदके देऊन रडली. काय करुण प्रवेश! काय तो आवाज! दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्या त्याचंच कौतुक करत होतो.

तेवढ्यात त्या राजाचीच बायको घागर घेऊन आली. म्हणाली, “कायचा प्रवेश व बाई! गॅसबत्तीले पाय लागून फोड आला त्याइले. आज वावरातही नाही गेले.”

आम्ही हसलो. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. विहिरीवरून परत येताना मला म्हणाल्या, “पाह्य व पोरी. रडाचं कुठं अन् हासाचं कुठं, हे बी आमाले दुसऱ्या दिवशी समजते.”

घरी आल्यावर मला दरवर्षीसारखंच विचारलं, “कसा दिसत होता व माहा गोपाल?” मी दरवर्षीसारखंच सांगितलं, “लय चांगला.” मी तरी कुठं पाहिला होता? मी त्याचे पाय पाहिले होते!

* * *

म्हणून त्या गणपतीला मी त्यांना हाताला धरून थेट पहिल्या सतरंजीवर नेऊन बसवलं.

दादारावानं शिट्टी वाजवली. मांडवातले बाप्ये गोळा झाले. चिकाआड एक बांगडी वाजेना.

“वैनी, मेहकरहून नायब तहसीलदारसाहेब येऊन राह्यले. लोनारचे, सुलतानपूरचे लोक हायेत. काय म्हनतीन ते, डोनगावच्या बाया अशा?”

“अशा म्हंजे कशा? बसलेल्या?”

मागं कोणीतरी फिसकन हसलं. दादाराव आणखी तापला.

“पोरगं तुमचंच हाय न? मंग घरी पाहून घ्या, शालू नेसवून!”

आत्याबाईंनी आवाजाच्या दिशेनं मान वर केली. “घरी तं तो गोपाल हाय रे बाबा. मले रुक्मिनी पाहाची हाय.”

मास्तरांनी नजर जमिनीत घातली. उस्मानचाचा तबल्यावर हात ठेवून नुसते बसून राहिले. आमचे हे गर्दीत होते. ते पुढं आले आणि मला हळूच म्हणाले, “चाल न व. कायले वाढवतं?” मी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

दादारावाला वाटलं, जिंकलो. त्यानं आवाज चढवला. “रीत म्हंजे रीत! एक इथं आली की साऱ्या येतीन. बाईच्या जातीले लाज पाह्यजे. चार मानसाइनं पाह्यलं म्हंजे घरान्याची अब्रू जाते. या दोघी उठत नाहीत तवरिक पडदा उघडनार नाही. झालं माहं!”

बाप्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. “उठा न बाई.” “नाटक काऊन बुडवता?” म्हणजे नाटक बुडवणारे आम्ही!

आत्याबाईंनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. उठायला लागल्या. “जाऊ दे व पोरी,” म्हणाल्या. “आजवर आयकतच तं आलो.”

ते ऐकलं आणि माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला.

तेवढ्यात विंगेतून गोपालनं डोकं बाहेर काढलं. मग तो पुढंच आला. नाकात नथ, कपाळाला चिरी, दादारावाच्या बायकोचं पोलकं, आणि अंगभर माझा शालू. गॅसबत्तीच्या उजेडात पदर असा झळकला की सगळा मांडव तिकडं वळला. शिट्टी धरलेला दादाराव, मास्तर, लोणारचे, सुलतानपूरचे, सगळे टक लावून पाहत राहिले. कोणाची अब्रू गेली नाही.

“माय, काय झालं व?” गोपालनं विचारलं.

मी उठून उभी राहिले आणि दादारावाच्या खांद्यावरून सरळ स्टेजकडं पाहत म्हटलं, “भाऊजी, माहा शालू फेडून द्या, आज तो माह्यासंगं चिकाच्या मांगं बसनार हाय!”